त्रुटी शून्य

साहेबहो, तुम्ही चूक दुरुस्त केली नाहीत. चूक बोलून दाखवणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवलात आणि मग त्या शांततेचे फलक रंगवलेत. प्रत्येक तालुका केंद्रावर, दारातून आत शिरलं की समोरच: ‘नोंदी एक्केचाळीस हजार, त्रुटी शून्य.’ पाच वर्षं झाली, शून्यच. ज्या घरात पाच वर्षांत कोणी शिंकलंसुद्धा नाही, त्या घराचं दार एकदा ढकलावं, आत माणसं जिवंत आहेत का बघावं, असं तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही? हार घालून घ्यायला मात्र सगळे वेळेवर हजर असता.

दार ढकललं ते वर्षाली कुळमेथेनं. वय अडतीस, वडसांगवी तालुक्याच्या सिकलसेल केंद्रात कंत्राटी माहिती सहायक. साल २०४१, फेब्रुवारीतला एक सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. खिडकीशी एक बाई उभी राहिली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं सिकलसेलचं पिवळं कार्ड.

“नाव?”

“इंद्रकला सोमा मडावी. पिंपरटोला. चौथी खेप हाय माही, मॅडम.”

वर्षालीनं नाव टाकलं. पडद्यावर नोंद आली. हिरवी.

“बाई, तुमचा इलाज झाला की. तीन वर्षांपूर्वी. डोस दिला, तपासणी झाली, रक्त चांगलं आलं.”

“माहा?”

“हे बघा ना. इंद्रकला सोमा मडावी, पिंपरटोला, जन्म एक जून शहाण्णव.”

“ते दुसरी इंद्रकला व्हय! सोमा पाटलाची. मी सोमा कोतवालाची. ते बरी झाली, आता डोक्यावर दोन हंडे घेऊन चालते. अन् माह्या मांडीचं हाड रोज कोणी पिळून काढल्यावानी दुखते. तिच्या इलाजानं मी बरी होईन का जी?”

रांगेतले दोघं हसले. इंद्रकलाही हसली, कारण चौथ्या खेपेला माणूस हसतोच. वर्षालीला हसू आलं नाही.

“जन्मतारीख तरी वेगळी असेल ना तुमची?”

“आमच्या गावात सारेच एक जूनचे. गुरुजीनं मांडले.”

हे वर्षालीला सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची तारीखही एक जूनच. शाळा जूनमध्ये उघडते, पोर सहा वर्षांचं दिसतं, गुरुजींना दाखल्यात काहीतरी लिहायचं असतं. मग टोल्यावरचं अख्खं पोरांचं खांड एकाच दिवशी जन्माला येतं. सोमा, भीमा, जंगू ही नावं घराघरांत. आडनावं मोजून चार. कोणाचं काही अडत नव्हतं, कारण गावाला माहीत असतं कोणता सोमा पाटील आणि कोणता कोतवाल.

“थांबा. तुमची नवी नोंद करते.”

तिनं सगळं नव्यानं भरलं, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली: नोंद स्वीकारली. मग, उगाच, हात शिवशिवला म्हणून, तिनं परत शोधलं. एकच इंद्रकला. बरी झालेली.

तिनं पुन्हा भरलं. पुन्हा हिरवी खूण. पुन्हा एकच.

नोंद गुपचूप गिळण्याचा हा आजार वर्षालीच्या ओळखीचा होता, कारण तो तिनेच पाळला होता.

*

वर्षाली कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. तालुक्याच्या सायबर कॅफेत पोरं गेम खेळायची, तेव्हा ही कोपऱ्यातल्या संगणकावर डेटाबेसची भाषा शिकायची. गुरू कोण? चुकाच. मशीन लाल अक्षरांत सांगायचं, अमुक ओळीवर, अमुक क्रमांकाची चूक. ती क्रमांक वहीत उतरवायची, खाली लिहायची का झाली. अशा चार वह्या भरल्या. डिग्रीवाले नंतर भेटले, पण त्या वह्यांइतकं सरळ कोणी बोललं नाही.

त्या भाषेत प्रोग्रामची घडण साधी असते. सुरुवातीला डोकं: तिथं कोणकोणती भांडी लागणार, कशात किती मावणार, ते जाहीर करायचं. मग ‘बिगिन’ म्हणायचं, म्हणजे घरात पाऊल टाकायचं आणि कामाला लागायचं. आणि शेवटी एक कोपरा फक्त चुकांसाठी. काम करताना काही मोडलं की मशीन हातातलं टाकून थेट त्या कोपऱ्यात उडी मारतं. तिथं तुम्ही लिहून ठेवलेलं असतं: मागितलेली ओळ सापडली नाही तर असं करा, एकाऐवजी दोन सापडल्या तर तसं करा, तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर तिसरं करा. आणि नाव घेऊन सांगता न येणाऱ्या बाकीच्या सगळ्यांसाठी एक शेवटचं दार असतं, ‘अदर्स’. इतर. त्या दारात शहाणा माणूस त्रुटीचा क्रमांक, मजकूर आणि ओळ लिहून ठेवतो, आणि चूक वर पाठवतो, वरच्याला कळावं म्हणून. आळशी किंवा घाबरलेला माणूस तिथं एकच शब्द लिहितो: ‘नल’. काही नाही. झालं ते झालंच नाही.

कंत्राटी पोरं त्याला ‘झाकण’ म्हणत.

२०२९ साली घरोघर फिरून सिकलसेलच्या रुग्णांची तपासणी झाली. गावागावांतून फायली आल्या. नवा कायदा सांगत होता, आरोग्याच्या यादीत ओळख क्रमांक ठेवायचा नाही, माणसाचं खासगीपण जपायचं. कायदा बरा होता. मग माणूस ओळखायचा कशावरून? नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. हे चारही जुळले तर माणूस तोच, असं राजधानीत बसलेल्या कोणीतरी ठरवलं. त्याचा जन्म एक जूनचा नसणार.

यादीच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी वर्षाली फायली चढवत होती आणि दर काही ओळींनी यादी अडत होती: ‘हीच नोंद आधीच आहे.’ मंचावर मोठा पडदा लागला होता. वरून फोन आला. “बोर्डावर लाल दिसता कामा नये. चार वाजेपर्यंत हिरवं करा. कसं, ते मला सांगू नका.”

चारला वीस मिनिटं कमी असताना तिनं झाकण लावलं. दोन ओळी. जी नोंद अडेल ती सोडून पुढं जा. तिनं मनाशी म्हटलं, उद्घाटन होऊ दे, सोमवारी काढते. सोमवारी तिची बदली झाली. नंतर ती विसरली. विसरली म्हणणंही खोटंच आहे. तिनं आठवायचं टाळलं.

आणि मग २०३६ साली ‘सांभाळ’ आला. स्वतःच शिकणारी यंत्रणा, राज्याच्या सगळ्या डेटाबेसांवर बसवलेली. चूक झाली की माणसाला न उठवता तिनंच निस्तरायची. निस्तरायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नाही. माणसांनी तीस वर्षांत लिहिलेले लाखो प्रोग्राम तिच्यापुढं ओतले आणि सांगितलं, यातून शीक. ती प्रामाणिक होती. तिनं बघितलं, चुकांच्या कोपऱ्यात माणसं बहुतेक वेळा काय लिहितात. नल, नल, नल. तिनं तेच उचललं, आणि प्रत्येक प्रोग्रामला शेवटी आपलं झाकण बसवलं. वर हिरवी खूण द्यायलाही ती माणसांकडूनच शिकली. नव्या भरतीतल्या पोरांनी तर लाल पट्टी कधी पाहिलीच नाही. त्यांना वाटतं, चुका ही जुन्या काळातली साथ होती, गेली आता.

*

दोन दिवस वर्षालीनं एकच काम केलं. २०२९ च्या राज्यभरातल्या मूळ फायलींतलं प्रत्येक नाव यादीतल्या नावांशी ताडून पाहिलं, घर क्रमांकासकट. फायलींत होती पण यादीत नव्हती अशी माणसं एक हजार आठशे चौऱ्याहत्तर.

त्यात जगलेली किती, हे फाईल सांगत नव्हती.

इलाज आता साधा झाला होता. एकदाच सलाईनमधून डोस द्यायचा. तो हाडांच्या मगजात जाऊन रक्त घडवणाऱ्या पेशींमधली बिघडलेली सूचना सुधारतो, आणि काही महिन्यांत विळ्यासारख्या वाकड्या पेशींच्या जागी गोल पेशी येऊ लागतात. आठवड्याला एकशे दहा डोस बनायचे, दर शनिवारी दुपारी एक वाजता कच्च्या यादीतून पुढच्या आठवड्याची नावं पक्की ठरायची. दिवाळीपर्यंत यादी संपणार होती. मग ‘सिकलसेलमुक्त राज्य’ जाहीर, आणि डोस बनवणारा कारखाना दुसऱ्या औषधाकडं वळणार.

यादी आटपत आली म्हणून आवराआवरही सुरू होती. या शनिवारी नावं ठरली की लगेच २०२९ च्या मूळ फायली पुसायच्या, असा हुकूम होता. त्या गेल्या की इंद्रकला कोतवालाची कधी तपासलीच गेली नव्हती, असं होणार होतं.

बुधवारी ती जिल्ह्याला, वरिष्ठ अधिकारी बोधनकर साहेबांकडं गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

“कुळमेथे मॅडम, हे तुम्ही लेखी देऊ नका.”

“का बरं?”

“तक्रारीचा नमुना बघा. तिसरा रकाना. त्रुटी क्रमांक. तो भरल्याशिवाय तक्रार पुढं सरकतच नाही.”

“पण साहेब, त्रुटी दिसतच नाही, हीच तर तक्रार आहे.”

“मग तक्रार कशाची?” साहेबांनी कागद तिच्याकडं सरकवला. “शिवाय ते मूळ झाकण कोणी लावलं, हे विचारतील. त्यावर तुमचं नाव आहे.”

“आहे ना. ते खोडा म्हणत नाही मी. फक्त फायली पुसू नका.”

“ते वरून आहे.”

“वर म्हणजे कोण?”

बोधनकरांनी बोट छताकडं केलं. छतावर पंखा होता.

“फायलींची प्रत काढून ठेवू?”

“रुग्णांची माहिती घरी नेली तर तुरुंग. आणि तुमच्या प्रतीला पुरावा म्हणणार कोण? चहा घ्या. निवतोय.”

*

एक वाट होती. ती वर्षालीच्या दुसऱ्या वहीत होती, आणि ती तिला तोंडपाठ होती.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी तिचा एक प्रोग्राम पडला होता. चुकांचा कोपरा व्यवस्थित लिहिलेला, तरी चूक धडाधड बाहेर. तीन दिवस डोकं फोडल्यावर कळलं: चूक डोक्यात होती. चार अक्षरांच्या भांड्यात तिनं जाहीर करतानाच सहा अक्षरं कोंबली होती. चुकांचा कोपरा फक्त घरात पाऊल टाकल्यानंतरच्या चुका पकडतो. उंबऱ्याबाहेर ठेच लागली तर घरातला वैद्य उपयोगाचा नाही. ती चूक सरळ बाहेर जाते, ज्यानं बोलावलं त्याच्याकडं.

सांभाळनं झाकणं बसवली ती घरांच्या आत. शनिवारच्या कामाचा सगळ्यात बाहेरचा प्रोग्राम होता, त्याचं डोकं मात्र उघडं होतं. कारण तिथं दर आठवड्याला डोसांचा आकडा बदलावा लागे, आणि राज्यभरासाठी तो भरायचा अधिकार वडसांगवीच्या माहिती सहायकाला दिलेला होता. वर्षालीलाच. आकड्याच्या जागी एक छोटं फंक्शन, म्हणजे उपप्रोग्राम, ठेवायचं, त्यात स्वतःच्या शब्दांत चूक उभी करायची. भाषा तेवढी मुभा देते. वीस हजारांपासून पुढचे क्रमांक प्रोग्रामरच्या स्वतःच्या चुकांसाठी राखून ठेवलेत. रकान्यात भरायला क्रमांकही मिळाला असता. काम उंबऱ्यावर थांबलं असतं, फायली पुसल्या गेल्या नसत्या, आणि जुनी लाल पट्टी छत्तीस जिल्ह्यांच्या पडद्यांवर आली असती.

पण उंबऱ्यावर थांबलं म्हणजे सगळंच थांबलं. नावं ठरवणं आत, फायली पुसणंही आत. दोन्हींच्या मधोमध चूक उभी करायला जावं तर तिथं झाकण. एकशे दहा माणसांचा आठवडा जाणार. कदाचित दोन आठवडे, चौकशी लागली तर महिने.

त्या एकशे दहांत एक नाव होतं मंजुषा कुळमेथे. वर्षालीची धाकटी बहीण. तिचा डोस येत्या मंगळवारी होता.

*

मंजूची रोपवाटिका गावाबाहेर, हिरव्या जाळीखाली. गुरुवारी संध्याकाळी ती खाली बसून पिशव्यांत माती भरत होती. दुखत असलं की ती बसून करायच्या कामांकडं वळायची. कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधलेली.

वर्षालीनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, दोन ओळींचं झाकणसुद्धा.

मंजूचा हात थांबला नाही. सहा पिशव्या भरून झाल्यावर ती बोलली.

“म्हणजे झाकण लावलं तू. अन् उघडायले माहंच डोकं भेटलं तुले?”

“मंजू...”

“माहा मंगळवार होऊ दे ना. मंग कर काय करायचं ते.”

“शनिवारीच फायली जातात.”

“जाऊ दे! माहीत तरी हायेत का ते लोक तुले? मले ओळखतं ना तू? दोन वर्षांखाली मले श्वास लागला, तवा माहा हात धरून रात्रभर कोण बसलं होतं? मंग आता काहून सोडतं?” तिनं मातीची मूठ आपटली. “अन् चौकशीत मधातच मले पुन्हा तसं झालं तर? गेली तर? तवा काय लिहिशील वहीत?”

वर्षाली शेजारी बसली आणि पिशव्या भरू लागली. एक बाई मिरचीची रोपं घेऊन गेली, पैसे उद्या देते म्हणाली.

“त्या बाईचं कुठी दुखते?” मंजूनं विचारलं.

“मांडीत. हाड पिळल्यासारखं.”

“पिळल्यावानीच होते.” मंजूनं पाण्याची पिशवी कमरेवरून काढली, गार झाली होती. “बसता येते का तिले?”

“खिडकीशी उभीच होती.”

“बसता येत नसन. मांडीचं असलं की बसता येत नाई. उठतानी जीव जाते.” तिनं पिशवीतलं गार पाणी मातीत ओतलं. “मले इचारू नको तू. करायचं तं कर. पण मंजूनं हो म्हटलं असं कोणाले सांगू नको. मी नाई म्हटलं हो.”

“बरं.”

“अन् आता जाय घरी. तुह्यं तोंड पाहू वाटत नाई मले.”

*

शनिवारी वर्षाली बाराला केंद्रात आली. इंद्रकलाला तिनं बोलावून घेतलं होतं. ती भिंतीला टेकून उभीच होती, बाक रिकामा असून. वर्षालीनं दोन गोष्टी लिहिल्या. आधी कबुलीचा कागद, सहीसकट: मूळ झाकण माझं, तारीख अमुक, कोणी सांगितलं ते तमुक. मग फंक्शन. दोन्ही कामांना मिळून पंधरा मिनिटं लागली. उरलेला वेळ ती डोसाच्या आकड्याकडं बघत बसली. ११०. तो खोडला की मंजू खोडली जाते.

एकला दोन मिनिटं कमी असताना तिनं आकडा खोडून तिथं फंक्शनचं नाव लिहिलं. बदल जतन केला. हिरवी खूण आली. सांभाळला काही वावगं वाटलं नाही. घरात सगळं ठीकच होतं.

एक वाजला. भिंतीवरचा पडदा एकदा काळा झाला, आणि मग वरून खालपर्यंत लाल. शिकाऊ पोरगी रश्मी खुर्चीतून उठली. “मॅडम, हे काय झालं? जळलं काय?”

“नाही गं. बोललं.”

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. शेजारचा तालुका, मग पलीकडचा, मग ज्या गावांची नावं वर्षालीनं फक्त फायलीत वाचली होती तिथून. माणसं विचारत होती, हे खरं आहे का, यात आमच्याकडची कोण आहेत, त्यांना शोधायचं कसं. एक म्हातारा कारकून नुसता म्हणाला, “आमच्या इकडं दोन जंगू आत्राम आहेत, मला पहिल्यापासून शंका होती,” आणि त्यानं फोन ठेवला. दीड वाजता बोधनकर साहेब.

“मॅडम, काढा ते. ताबडतोब. वरून चार फोन आलेत.”

“फायली आहेत ना साहेब?”

“आहेत. काम सुरूच झालं नाही, तर पुसणार कशा? पण एकशे दहा माणसं खोळंबलीत. तुमची बहीणही आहे त्यात, मी यादी बघितली.”

“मीही बघितली.”

“मग?”

“चूक अशी काढत नसतात, साहेब. आधी वाचतात. वरच्यांना म्हणावं, मोठ्यानं वाचा.”

पलीकडं कागदाची सळसळ, आणि बोधनकर साहेब हलक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत वाचू लागले. तेच शब्द वर्षालीसमोरच्या भिंतीवर होते. भिंतीला टेकलेली इंद्रकला रश्मीला म्हणत होती, “काय लिवलं वं पोरी? वाच ना मले.” रश्मीनंही वाचायला घेतलं.

‘त्रुटी २०००१. पिंपरटोल्यात इंद्रकला सोमा मडावी नावाच्या दोन बायका राहतात. तुमच्या यादीत एक आहे. अशी यादीबाहेर टाकलेली माणसं एक हजार आठशे चौऱ्याहत्तर, नावं सोबत जोडली आहेत. काम थांबलं आहे आणि ते तुमच्या उत्तराशिवाय पुढं जाणार नाही. बाकीची माणसं कुठं आहेत?’